नळाची धुसफूस आणि विजापूरचे गंज

बेळगावात पाणी येण्याआधी नळ बोलतो. आधी खोल कुठंतरी गुरगुर, मग फस्स करून हवा, मग दोन-चार पिचकाऱ्या तांबड्या पाण्याच्या. तेव्हा घागर लावायची नसते, हे शहापूर-वडगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते पहिलं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं. पाणी राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, बंद नळातून इतक्या लांबून येताना ते थोडं तणतणणारच.

ही तणतण पावणेचारशे वर्षांपूर्वी विजापुरात कुणीतरी फार मनावर घेतली होती. १६५१ साली मुहम्मद आदिलशहाने शहराच्या दक्षिणेला जहान बेगमेच्या स्मरणार्थ बेगम तलाव बांधला, चांगला २३४ एकरांचा. तिथलं पाणी शहरात आलं ते भाजक्या मातीच्या नळांतून. नळाला नळ जोडलेला, भोवती चुन्यातलं बांधकाम, आणि सगळं जमिनीखाली १५ ते ५० फुटांवर. ना मोटार, ना पंप. सगळी भिस्त उतारावर. पण उताराचं पाणी कोंडलं की माती ती माती, फुटायचीच. म्हणून वाटेत ठिकठिकाणी २५ ते ४० फूट उंचीचे दगडी मनोरे उभे केले. त्यांना गंज म्हणतात. पाणी गंजात चढायचं, वर मोकळं व्हायचं, जोर ओसरला की निमूट पुढच्या नळात उतरायचं. गाळ तळाशी बसायचा. आपण बादलीत धरतो ते तांबडं पाणी गंजातच अडायचं म्हणा ना!

आमच्याकडच्या शाळांची सहल एकदा तरी विजापूरला जातेच. पोरं गोलघुमटात घसा बसेपर्यंत ओरडतात, मुलुखमैदान तोफेपुढे फोटो काढतात, आणि शेंगा खात परततात. गंज दिसलाच तर बसच्या खिडकीतून: चौकोनी, काळपट, सांध्यांतून गवत उगवलेला. पडका बुरूज समजून नजर पुढं सरकते. गोलघुमट ही त्याच मुहम्मद आदिलशहाची कबर. तिथं तिकिटाला रांग, आणि त्यानंच पाजलेल्या पाण्याची वाट कुणी विचारत नाही, हे काही मला पटत नाही.

पाणी असं आणणारे विजापूरकर एकटेच नव्हेत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या दगडी नळावरही उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा मोकळी करणारे मनोरे, आहेत. खुद्द विजापुरात बेगम तलावाच्या आधीपासून तोरवीकडचं पाणी भुयारातून येत होतं. त्या तोरवीच्याच बाजूला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १५९९ मध्ये नवरसपूर वसवायला घेतलं. मोठा हौशी सुलतान, गाण्याबजावण्यातला. १६२४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर चालून आला आणि त्यानं नवरसपूर धुळीला मिळवलं. आता गंमत बघा: हाच मलिक अंबर तिकडे खडकीला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर खणून गावभर पाणी खेळवणारा. तोरवीचं ते भुयार त्याच्या नजरेस पडलं असतं, तर एखादा बरा कारागीर हेरून तो खडकीला घेऊन गेला असता, अशी माझी आपली पक्की समजूत आहे.