एवढ्या पैशात तयार गाडी आली असती की!

पुण्याहून व्हिडिओ कॉल असो, नाहीतर इथे इंग्लंडात स्विंडनला गणपतीची आरती झाल्यावर पंगत बसताना असो, प्रश्न ठरलेला: एवढ्या पैशात रिस्टोअर केलेली एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, तयार मिळाली असती, मग घरच्या गॅरेजमध्ये हा उपद्व्याप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो, कारण गडबडीत अर्धंच उत्तर दिलं जातं आणि तोवर विषय बदललेला असतो.

अहो, तयारच घेतली होती. 1971 ची रोडस्टर, म्हणजे बिनछपराची, विकणारा म्हणाला पूर्ण रिस्टोअर केलीये, रंगात नाव ठेवायला जागा नव्हती आणि 1798 सीसीचं इंजिन दोन्ही एसयू कार्ब्युरेटरवर अगदी सुरेख चालायचं. उन्हाळ्यात लेकीला शेजारी बसवून ए420 रस्त्याने निघालो आणि ॲबिंग्डनला जाऊन आलो, गाडी जिथे बनली तिथे. तो कारखाना 1980 ला बंद झाला, पण मला ते गाव तिला दाखवायचं होतं.

नंतर एकदा मागचं चाक काढायला जॅक लावला तर डावं दार उघडेना. गाडी खाली घेतली की उघडतंय, वर चढवली की अडकतंय. एमजीबीवाल्यांच्या पोटात इथेच गोळा येईल. बाकीच्यांसाठी सांगतो, या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार पेलते, आणि वर छप्पर नसल्यामुळे दारांखालच्या दोन सिलवर फार जोर येतो. सिल म्हणजे नुसती पट्टी नव्हे, बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला सिल आणि खाली कॅसल सेक्शन, सगळं मिळून वेल्ड केलेली बंद पेटी. ती कुजली की गाडी मधोमध वाकते आणि दाराची फट मिटते.

ग्राइंडर लावला. वरचा पत्रा नवा, छान रंगवलेला, आणि त्याच्या आत जुना गंजका सिल तसाच, त्याच्यावरच हा नवा वेल्डिंगचे टाके मारून बसवलेला. जोडावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली. पोकळीत पिवळा फोम, खिडकीच्या चौकटीभोवती भरतात तो, दाबला की पाणी गळत होतं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मधल्या पत्र्यातून आरपार गेला. कॅसल सेक्शनच्या जागी तपकिरी भुगा होता, तो मी हाताने बादलीत भरला. मग तिथेच फरशीवर बसून राहिलो कारण ही डावी बाजू, लेक बसली होती ती, आणि बाजूने कुणी ठोकलं असतं तर मध्ये काय होतं? रंग!

ज्याने हे केलं त्याला काम येत नव्हतं असं मला वाटत नाही, दाराच्या फटी त्याने फार मन लावून जुळवल्या होत्या. एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, करणारा पत्रा कापून बघत नाही, आणि 2018 पासून तर 40 वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटीची सक्तीच नाही. मग आत काय आहे हे कळायला आपणच उघडायला नको का?

पैशाचं म्हणाल तर तुमचं खरं आहे. रविवारचं म्हणाल तर तेही खरं, घरच्यांनी त्याबद्दल जे ऐकवलंय ते इथे लिहीत नाही. आणि पूर्वी मीच तावातावाने सांगायचो की स्ट्रक्चरचं वेल्डिंग घरी करू नये, ते रोज करणाऱ्याचं काम आहे. तेव्हाच्या मला आजही गप्प करता येत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत आधी चौकोनी पाइपचे आडवे दांडे वेल्ड केले, दार लावून फट मोजत मोजत एकेक पत्रा बसवला आणि पेटी बंद करण्याआधी एका अनुभवी वेल्डरला बोलावून दाखवलं. तो चांगलं म्हणाला. तरी रात्री कधीकधी शंका येते.

उजवी बाजू अजून कापायची आहे. तिकडे फ्लोअरही गेलेला निघाला तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीची अख्खी नवी बॉडी घ्यावी लागेल, ते मूळ साच्यांवरच बनवतात, मजबुतीची काळजी मिटेल. पण मग माझ्या 1971 च्या गाडीतलं इंजिन, डॅशबोर्ड आणि सीट सोडून काय उरलं? बायको म्हणते, लेक सुरक्षित बसेल ना, मग घे. मला तिचं पटतं आणि तरी ऑर्डर द्यायला हात धजत नाही.