झोपेचा प्रश्न

कतारची राजधानी दोहाच्या सनाया या औद्योगिक भागातील एका बांधकाम कंपनीच्या कामगार वसाहतीत मी दवाखाना चालवत असे. ऑगस्टमधल्या एका सकाळी जवळच्या लुसैल शहरातील साइटवरून शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटसाठी साचे ठोकण्याचे, काम करणाऱ्या एका सुताराला आमच्याकडे आणण्यात आले. पोटऱ्यांत गोळे आले होते, बोलणे अडखळत होते, ताप 39 अंशांच्या वर होता आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा होता. कपडे सैल करून ओले फडके, पंखा, काखेत बर्फ आणि शिरेतून सलाइन असे उपचार सुरू केल्यावर तासाभरात तो नीट बोलू लागला. पण लघवीच्या रंगावरून स्नायूंना इजा झाल्याची आणि मूत्रपिंडावर ताण आल्याची शंका होती, म्हणून त्याला रुग्णालयात पाठवण्याची तयारी केली.

मला कोडे पडले ते वेळेचे. तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करण्यास मनाई आहे, शिवाय उष्णता आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक 32.1 अंशांच्या पुढे गेला की काम कोणत्याही वेळी थांबवावे लागते. त्या सकाळचे मोजमाप मी मागवून पाहिले, ते मर्यादेच्या आत होते. रजेवरून नुकत्याच परतलेल्या माणसाला उन्हाची सवय राहिलेली नसते, म्हणून तेही विचारले. पण हा एप्रिलपासून सलग कामावर होता. मधुमेह नव्हता, कोणते औषधही चालू नव्हते.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याच्याशी बोलत बसलो. तो आदिलाबादकडचा, घरी मराठी बोलणारा. "रात्री किती वाजता झोपलात?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "झोप कुठं होते साहेब, तुकड्या-तुकड्यानं पडतो नुसता."

मग सारा दिवस उलगडला. पहाटे अडीचला उठायचे, साडेतीनची बस पकडायची, साडेचारला काम सुरू करायचे. साडेनऊला काम थांबले की बसने वसाहतीत यायचे, दुपारी पुन्हा निघून साडेतीन ते साडेसहा दुसरी पाळी करायची. परत येऊन आंघोळीच्या आणि चुलीच्या रांगा आवरेपर्यंत दहा वाजत. भारतात तेव्हा रात्रीचा साडेबारा झालेला असतो, म्हणून घरी फोन करण्याचे काम दुपारच्या विश्रांतीत उरकावे लागे. खोलीत खाटा नियमाप्रमाणे चारच होत्या, मात्र त्यांतले दोघे रात्रपाळीचे असल्याने दुपारी तो पडला की त्यांची ये-जा, स्वयंपाक आणि दिवा चालू असे. शिवाय साइटवर शौचालय खाली, तीन मजले उतरून. म्हणून सकाळपासून त्याने पाणी जवळजवळ घेतलेच नव्हते. दुपारच्या मनाईने अनेकांचे जीव वाचले आहेत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण पाळी दोन तुकड्यांत वाटली की बसच्या चार फेऱ्या होतात आणि ज्या वेळात माणसाने सावरायचे तो वेळ रस्त्यावर जातो.

त्रास आधीपासून होता, तरी तो दवाखान्यात आला नाही. आजारपणाचा पगार मिळतो हे त्याला ठाऊक होते. ओव्हरटाइम मात्र मिळत नाही. जिथे किमान मूळ वेतन 1,000 रियाल आहे, तिथे घरी जाणारी रक्कम ओव्हरटाइमवरच ठरते, त्यामुळे या हिशेबासाठी मी त्याला दोष देऊ शकत नाही.

त्याच संध्याकाळी मी प्रकल्प व्यवस्थापकांना लेखी कळवले, की हा अपघात उन्हाचा जितका आहे तितकाच खोलीवाटपाचा आणि बसच्या वेळापत्रकाचा आहे. एका पाळीचे लोक एका खोलीत ठेवावेत, वरच्या मजल्यांवर फिरती शौचालये द्यावीत आणि पाळी पहाटे चारपासून दहापर्यंत सलग करावी, अशा तीन मागण्या होत्या. सलग पाळीमुळे ओव्हरटाइम बुडाला तर मूळ वेतनात भर घालावी, असेही लिहिले. पहिली मागणी त्याच महिन्यात मान्य झाली, दुसरी पुढच्या मजल्यापासून. तिसरीला नकार आला, कारण काँक्रीट ओतण्याच्या तारखा त्यात बसत नव्हत्या. तो सुतार बरा होऊन हलक्या कामावर परतला, आणि दवाखान्याच्या तपासणी अर्जात रक्तदाबाच्या रकान्याच्या आधी मी झोपेच्या तासांचा रकाना घातला.