खांद्याला नुसता शेक पुरत नाही

महालक्ष्म्या बसायच्या आधीच माझा डावा खांदा धरला. भाकरी थापता येत होती, म्हणून घरात कुणाला ते दुखणं मोठं वाटलं नाही. वेणी घालायला मात्र हात मागं जाईना आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जीव कळवळायचा.

एक्स-रे चांगला आला. जाऊबाई म्हणाल्या, "मग तुला झालंय तरी काय?" मला झाला होता फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. त्यात एक्स-रे बहुतेक वेळा चांगलाच येतो. हाड ठीक असतं. सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं, आकसतं. म्हणून तर दुसऱ्यानं धरून उचलला तरी हात वर जात नाही. ४० ते ६० या वयात, बायकांमध्ये आणि साखर असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. मला साखर आहे.

परभणीत वसमत रोडला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. "काकू, कोपर कमरेला चिकटवा आणि पंजा बाहेर न्या," त्या म्हणाल्या. पंजा जरासाच सरकला. या आजारात हात बाहेर वळणं सगळ्यात आधी अडतं, हे त्यांनी समजावलं.

आपल्याकडे मशीन लावलं की उपचार झाला असं वाटतं. शेकानं, मशीननं दुखणं हलकं होतं, पण सांधा सुटतो तो रोजच्या ताणानं. दुखणं जोरात होतं तेव्हा ताईंनी फक्त हात झुलवायला लावला: चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा सैल सोडायचा. पुढं भिंतीवर बोटं चढवणं आलं, पाठीमागं पंचा धरून वर ओढणं आलं. काठीचा व्यायाम मला सगळ्यात कामाचा वाटला. दोन्ही कोपरं अंगाला लावून काठी आडवी धरायची आणि चांगल्या हातानं दुखरा हात बाहेर ढकलायचा. ताण जाणवला पाहिजे. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करायचा. बायांनो, झटका देऊन खांदा मोकळा करणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

सावकाश फरक पडतो. वर्ष, दोन वर्षं, कधी तीनही लागतात. माझा हात आता वेणीपर्यंत पोचतो, पाठीवर अजून वर जात नाही, म्हणून पंचा चालूच आहे.

आणि डॉक्टरांनी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर साखर आहे हे आधी सांगा. त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते, तेवढे दिवस ती तपासत राहा.