मॅक्रोफेज कधी मारायच्या?

किडनीच्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, म्हणजे सगळा दोष तिचाच, असं बरेच जण धरून चालतात. उंदरांच्या किडन्यांच्या स्लाइड्स बघणं हे माझं रोजचं काम, आणि मला हे अर्धंच खरं वाटतं, विशेषतः मॅक्रोफेज, म्हणजे गिळून साफसफाई करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, यांच्याबाबतीत.

आमचा प्रयोग असा. भूल दिलेल्या उंदराच्या किडनीच्या रक्तवाहिन्यांना बारीकसा क्लॅम्प लावायचा. जेमतेम सेंटिमीटरभराची ती किडनी बघता बघता काळपट जांभळी पडते. अर्ध्या तासाच्या आसपास क्लॅम्प काढला की रंग परत येतो, पण पडझड पुढेही चालूच राहते. उंदराचं अंग थोडं जरी गार पडलं तरी इजा कमी होते आणि आकडे जुळत नाहीत, म्हणून गरम पॅडवरून नजर हलवायची नाही.

दुसऱ्या दिवशीची स्लाइड बघताना अजूनही जीव कळवळतो. पीएएस नावाच्या स्लाइड रंगवायच्या रंगात किडनीतल्या निरोगी, लघवी वाहून नेणाऱ्या नलिकेच्या आतल्या कडेला गडद गुलाबी झालर दिसते. इथे ती झडलेली असते, मेलेल्या पेशी सुटून नलिका तुंबलेली असते. भोवती आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात, पाठोपाठ मॅक्रोफेज.

क्लॉड्रोनेट हे औषध भरलेले लायपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे, टोचले की मॅक्रोफेज ते गिळतात आणि मरतात. क्लॅम्पच्या आधी टोचले तर किडनी कमी बिघडते. तेच दोन-तीन दिवसांनी टोचले तर नलिका भरून यायला उशीर लागतो, कारण एव्हाना मॅक्रोफेजनी कामच बदललेलं असतं. मेलेल्या पेशी उचलायच्या, उरलेल्यांना वाढायला लावायचं. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं. मात्र मूत्रवाहिनी बांधून ठेवली, म्हणजे इजा थांबलीच नाही, तर मॅक्रोफेज तिथेच मुक्काम ठोकतात आणि किडनीत व्रणासारखे तंतू साचत जातात.

ल्युपस या आजाराची गोष्ट वेगळी. तिथे स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीच्या गाळणीत, अडकतात, आणि प्रतिकारशक्ती आवरावीच लागते.

उंदराला क्लॅम्प किती वाजता लावला ते माझ्या वहीत मिनिटासकट असतं. माणसाची किडनी दुखावल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढेपर्यंत बऱ्याचदा एक-दोन दिवस गेलेले असतात, आणि इजा नेमकी कधी झाली हे अनेकदा कळतच नाही. त्या घडीला मॅक्रोफेज कुठल्या टप्प्यावर आहेत हे साध्या लघवीच्या तपासणीतून समजायला हवं. या क्षेत्रात मला सर्वात निकडीचं काम हेच वाटतं.