तुम्ही विचारलंत म्हणून: सही का केली नाही

"भावाला माफ केलंय म्हणता, मग हक्कसोडपत्रावर सही का नाही केलीत?" चर्च सुटल्यावर, लग्नात, मयतीला, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक चर्चच्या मंडळीतलेच, म्हणून एकदा नीट सांगते. हक्कसोडपत्र म्हणजे पप्पांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी सोडल्याचा कागद.

आधी कायदा, कारण 'ख्रिस्ती मुलीला हिस्सा नसतो' असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय. आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश आईला, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. केरळातल्या त्रावणकोरात १९१६च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं. तिथल्याच मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ साली ते थांबलं. आपल्याकडे तसला कायदा आड नव्हता. आड आली ती रीत, आणि तीही पंडिता रमाबाईंचं नाव अभिमानाने घेणाऱ्या मंडळीत.

पप्पांच्या पहिल्या स्मरणदिनाची प्रार्थना घरी होती. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीला दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाळकसाहेब चहा घेऊन गेले. दादाने बायबल मिटून बाजूला सरकवलं आणि तिथेच कागद ठेवला. सोमवारी दुय्यम निबंधकाकडे जायचं ठरलेलं होतं, फक्त मला माहीत नव्हतं. आईची सही झालेली होती.

"तुला काय कमी आहे?" दादा म्हणाला.

"कमी काही नाही. पण मला विचारलंस कधी?"

मंडळीतले एक वडीलधारे थांबले होते. ते म्हणाले, "बाई, ख्रिस्ताने जीव दिला, तुला जमीन सोडवेना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण हाच प्रश्न त्यांनी दादाला केला नाही, हे मला तिथेच दिसलं. मग आई बोलली. "मला यांच्यात राहायचंय गं. कर सही."

मी पेन घेतलं. आईसाठी सही केलीही असती. पण सवयीने कागद वाचला. त्यात होतं, 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. शेजारी बायबल, समोर रडणारी आई, आणि मी देवाच्या नावाने जमलेल्या घरात लिहून द्यायचं की दबाव नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मला लहानपणी पप्पांनीच पाठ करून घेतली होती. मी पेन खाली ठेवलं.

जमीन तुम्हाला दिसते, ते वाक्य दिसत नाही.

संडे स्कूलला मी स्वतः प्रेषित पौलाचं वचन शिकवायचे: भावाभावांनी कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? ती शिक्षिका आज मला विचारते, सोस ना मग. मी तिला बायबलातल्या सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट सांगते. त्यांनी मोशेपुढे हिस्सा मागितला आणि देव म्हणाला, त्यांचं म्हणणं रास्त आहे. ती लगेच लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढते. भावाकडून वाटणी मिळवून द्या म्हणणाऱ्याला येशूने काय विचारलं? मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं? तिथे मी गप्प बसते. ती चूक आहे असं मला वाटत नाही. फक्त तिच्यापुढे कधी कोणी कागद ठेवला नव्हता.

आणि माफी? मी दादाकडे गेले होते. वेदीपुढे दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मीही वाचलंय. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, आधी सही, मग बोलू. रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेते. पण त्या जमिनीतला ऊस तुटून गेल्याचं कानावर आलं की एखादा रविवार कडू जातो, आणि त्या रविवारी मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात नाही. ते तुम्ही पाहता आणि अर्थ काढता. काढा.

वाटणीचा दावा मी लावलेला नाही. आई आहे तोवर लावणार नाही, आईच्या भागाला हात लावणार नाही, हे दादाला लेखी कळवलंय. त्यानंतर दावा लावेन की सोडून देईन, हे मी अजून ठरवलेलं नाही. सोडलं, तर 'स्वखुशीने' हे खरं असेल तेव्हाच सोडेन.