हौद्याचं लाकूड

जुन्या ट्रकचा हौदा नव्यानं बांधायचा म्हटलं की ज्यानं जन्मात कधी रंधा धरला नाही तोही सल्ला देतो, ‘सागच घाला.’ सागाचा दरारा उगीच नाही म्हणा. 1817 साली मुंबईच्या गोदीत मलबारी सागात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सागात मुळातच तेल असतं. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, आणि त्यात ठोकलेलं लोखंडही लवकर गंजत नाही. पण युद्धनौकेत कोणी खडी ओतत नव्हतं.

मामाच्या टाटा गाडीत खडी, ऊस, शेणखत, कांदा सगळंच पडतं. सागाचं नाव ऐकून मिस्त्री म्हणाले, “मामा, गाडी बांधायचीय का देव्हारा?”

त्यांचं मत तळाला बाभूळ. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव यांना पिढ्यान् पिढ्या पुरलेलं लाकूड ते. मामाला वजनाची धास्ती. पण हिशेब करा. 17 बाय 7 फुटांचा तळ, दीड इंची फळी, म्हणजे जेमतेम 15 घनफूट लाकूड. सागाचं घनफूट साधारण 18 किलो भरतं, बाभळीचं 23-24. फरक 75 ते 90 किलोंचा. क्लीनर जाडजूड मिळाला असं समजायचं.

बाभळीचा स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. ओली चिरून ठोकली तर वाळताना पीळ खाते, तडकते. म्हणून जुनी माणसं ओंडके महिनोन् महिने पाण्यात टाकत आणि मग सावलीत वाळवत; त्यानं किडीलाही आळा बसतो. वखारीत मिस्त्री फळीच्या तोंडाला ओला हात फिरवायचे. तांबूस गाभा लगेच उठून दिसायचा. कडेला पांढरं लाकूड असलं की फळी बाजूला. “हे भुंग्याचं जेवण,” एवढंच म्हणायचे.

आपल्याला वाटतं, हौदा माल आपटून खराब होतो. तो कुजतो खालून. फळी जिथं आडव्या बत्त्यांवर टेकते तिथं चिखल साचतो, बोल्टाच्या भोकातून पाणी मुरतं. जुन्या फळ्या उचकटल्या तेव्हा वरून ठणठणीत दिसणारं लाकूड खाली बोटानं निघत होतं. वर चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, मारली होती ना! प्लेटखाली गेलेलं पाणी वाळणार कधी? माझं स्पष्ट मत आहे, प्लेट मारायचीच असेल तर चांगल्या लाकडावर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा दोन फळ्यांत थोडी फट ठेवावी. पाणी निथळतं, कांद्याला वाराही लागतो. वाळू भरायची तर खाली ताडपत्री टाकावी.

साग अगदीच बाद झाला नाही. फाळके, म्हणजे हौद्याच्या उघडत्या बाजू, सागाचे केले, कारण ते दिवसातून कितीदा पाडायचे-उचलायचे; हलके हवेत आणि पावसाळ्यात फुगून अडकायला नकोत. एका पडक्या वाड्याच्या तुळया मिळाल्या. लाकूड अस्सल, पण पोटात जुने खिळे. सॉमिलवाल्यानं आधी पात्याचे पैसे ठरवून घेतले, मगच तुळई पट्ट्यावर चढवली.

शेवटी मिस्त्री प्रत्येक भोकात जळकं ऑइल सोडायला लागले. मामा कळवळला, “अहो, कांद्याला वास लागेल!”

“लागू दे की. पहिला पावसाळा शेणखत वाहा. मग कोण विचारतंय ऑइलच्या वासाला?”