रंग गेला, पण कशामुळे?

जुलैतला रत्नागिरीचा पाऊस, आणि माझ्या एमएस्सी प्रकल्पाच्या काचपट्टीवरचा जांभळट थर पांढरा झालेला. मी धावत सरांना बोलवायला निघाले. दारातच लक्षात आलं, पट्टी अजून तापवलीच नाहीये.

माझा पदार्थ म्हणजे लोह आणि ट्रायझोल (तीन नायट्रोजन असलेला छोटा वलयाकार रेणू) यांची साखळी. त्यातल्या लोहाच्या आयनात (विद्युतभारित अणूत) सहा डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन, असतात. नेहमीच्या तापमानाला ते तीन जोड्यांत बसतात आणि पदार्थ चुंबकाला दाद देत नाही. साधारण 110 अंश सेल्सिअसला दोन जोड्या फुटतात, चार इलेक्ट्रॉन सुटे होतात, पदार्थ चुंबकाकडे ओढला जातो आणि रंग उडतो. थंड होताना मात्र 70 अंशांच्या आसपास येईपर्यंत तो पांढराच राहतो. लोह-नायट्रोजन बंध सुमारे 10 टक्क्यांनी लांबतो ना, मग एकाने अंग पसरलं की साखळीतल्या शेजाऱ्यालाही सरकावं लागतं, आणि पुन्हा आवरून बसायला सगळ्यांनाच बरंच जास्त गार व्हावं लागतं. म्हणजे मधल्या तापमानाला पदार्थ आधी तापला होता की नाही हे त्याच्या रंगावरून कळतं; मला हीच आठवण पातळ थरात हवी होती.

त्यासाठी भुकटी ऍक्रिलिकच्या क्लोरोफॉर्ममधल्या द्रावणात मिसळून गरगर फिरणाऱ्या काचेवर टाकायची. क्लोरोफॉर्म उडताना काच गार पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि थर दुधाळ होतो. माझा पांढरा रंग तो हाच! लॅबमधले काका म्हणाले, "अगं, पावसात कोणी पापड घालतं का?" मग ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीत, काच किंचित कोमट करून थर घातले. नितळ आले.

तापवल्यावर ते सुरकुतले. ऍक्रिलिक 105 अंशांच्या सुमारास मऊ पडतं, म्हणजे माझ्या बदलाच्या ऐन तोंडावर. हे मी आधीच बघायला हवं होतं. पॉलिकार्बोनेट 150 च्या जवळपास टिकतं, ते घेतलं. वर्णपटात जांभळ्या रंगाचा पट्टा तापवताना मावळला, थंड करताना परत आला. मी पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा डोळे भरून.

चुंबकीय मापनासाठी नमुने मुंबईला पाठवले. भुकटीचा आलेख स्वच्छ आला. थराचा क्षीण संकेत काचेच्या स्वतःच्या प्रतिचुंबकत्वात (चुंबकापासून किंचित दूर ढकललं जाण्याच्या गुणात) बुडाला. म्हणून अहवालात थरापुढे मी "रंगबदल" एवढंच लिहिलं, चुंबकीय बदलाचा दावा केला नाही. आता थर पाण्यात सोडवून काचेवरून उचलते आहे. दहा-बारा एकावर एक रचून पुन्हा पाठवणार.